कोंडाबाईचे पाय

उरवड्यात त्या काळी जन्मलेलं पोर पहिले तीन-चार महिने दोनच ठिकाणी वाढायचं, आईच्या कुशीत आणि कोंडाबाईच्या पायांवर. कोंडाबाई सुईण नव्हती. नाळ कापायला दुसरी बाई होती. कोंडाबाईचं काम त्यानंतरचं, बाळाला आणि बाळंतिणीला न्हाऊ घालायचं. न्हाणीत पाटावर बसायची, लुगडं गुडघ्याच्या वर खोचायची, पाय लांब करून एकमेकांना चिकटवायची आणि दोन नडग्यांच्या मधल्या खोलगटीत बाळाला पालथं घालायची. मग तेल, मग हळद आणि डाळीचं पीठ, मग पाणी. पाण्यात आधी कोपर बुडवून बघायची. हात कामाने निबर झालेत, त्यांना ऊन-गार कळत नाही, कोपराला कळतं, असं तिचं म्हणणं. कोपराने हो म्हटल्याशिवाय तिने कुठल्या पोराच्या अंगावर थेंब टाकला नाही.

गावात कुणाचं नाक सरळ निघालं की श्रेय कोंडाबाईला जायचं, आणि नकटं निघालं की ते बापावर गेलं असं सगळे म्हणायचे. तिलाही ते पटायचं. रस्त्याने जाणाऱ्या मिशा फुटलेल्या गड्याला हाक मारून ती म्हणायची, "आरं, तुजं डोस्कं भोपळ्यावानी हुतं, म्यां दाबून दाबून आणलंय ठिकाणावर. आता तरी वापर की!" गडी लाजून पळायचा. एवढा मान गावात पाटलालाही नव्हता.

ती मूळची मेंढरं राखणाऱ्या घरातली. नवरा जोतिबा कळपाबरोबर कोकणात उतरला होता, तिकडून ताप घेऊन आला आणि गेला. एक मुलगी होती, ती घाटाखाली दिलेली, तिचं येणं वर्षा-दोन वर्षांनी. जोतिबाच्या मागे कोंडाबाईने दोन शेळ्या ठेवल्या आणि हे न्हाऊ घालायचं काम धरलं. काम म्हणून धरलं खरं, पण पुढे ते काम राहिलं नाही. सकाळी एखादं पोर पायांवर पडलं, गरम पाण्याच्या पहिल्या धारेला दचकलं आणि मग डोळे मिटून सैल पडलं, की तिचा जीव भरून यायचा. हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंच नाही.

पानशेतचं धरण फुटलं, त्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. उन्हाळा सरताना तिचा भाऊ धुळाजी कळप घेऊन कोकणातून परतला आणि चार दिवस तिच्याकडे उतरला. त्याच्या पोरांना खरूज झाली होती. कोंडाबाईने भावजयीला चार शब्द सुनावले, पोरांना कडुलिंबाच्या पाण्याने खसाखसा घासलं आणि रात्री त्यांना पोटाशी घेऊन एका घोंगडीखाली निजवलं. भाऊ पुढे गेला. नंतर कोंडाबाईच्या घोट्यांना, मनगटांना जराशी खाज सुटायला लागली. तिने लक्ष दिलं नाही. दिवसभर जिचे हातपाय कढत पाण्यात, राखेत, तेलात, तिची कातडी फाटणारच. काही दिवसांनी खाज मंदावली. नडग्यांवरची कातडी मात्र जाड झाली, तिच्यावर खवले धरले. "म्हातारपण आलं," असं म्हणून तिने त्यावर एरंडेल चोळलं आणि विसरून गेली.

त्याच वर्षी आषाढात गेणबाच्या घरी नातू झाला. गेणबाचं घर ओढ्याकाठच्या जमिनीचं, खाऊन-पिऊन सुखी. घरात चालायचं मात्र त्याच्या बायकोचं, रंभाबाईचं. रंभाबाई तोंडाने फटकळ, पण कोंडाबाईवर तिची माया. मुलगा जयसिंग, सून लीला म्हाळुंग्याची. लीलाचं पहिलं मूल आठवड्याच्या आत गेलं होतं. त्यामुळे हा दुसरा मुलगा म्हणजे घराचा जीव की प्राण. पणजोबाचं नाव ठेवलं, भिवाजी. रंभाबाईने बारशाच्या आधीच कोंडाबाईला बजावलं, "कोंडे, बाकीची घरं बाजूला ऱ्हाऊंदेत. ह्या पोराला तू दोन येळ न्हाऊ घालायचंस. माजा भरवसा तुज्यावर हाय."

कोंडाबाईला सांगावं लागलं नसतं. पहिलं मूल गेलं तेव्हा तिनेच त्याला शेवटचं न्हाऊ घातलं होतं. या वेळी ती सकाळी सगळ्यांच्या आधी तिथे जाई आणि संध्याकाळी सगळ्यांच्या शेवटी. भिवाजी गुटगुटीत होता. पायांवर घेतला की लाथा झाडायचा. कोंडाबाई म्हणायची, "झाड बाबा, झाड. लाथ जोरात म्हंजी जीव जोरात."

दीड-दोन महिन्यांचा झाला आणि पोर रडकं झालं. दिवसा कसंबसं, पण अंथरुणात ऊब लागली की किंचाळायचं. तळपायांना, काखेत, बोटांच्या बेचक्यांत बारीक पुळ्या दिसायला लागल्या. रंभाबाई म्हणाली, "उष्णता हाय. लीले, गूळ खाऊ नगंस."

कोंडाबाईने पोराचा तळपाय उजेडाकडे धरला. धुळाजीच्या पोरांच्या अंगावर तिने हेच पाहिलं होतं. "रंभाबाई, ही उष्णता न्हाई. ही खरूज हाय. पौडला न्या ह्याला, उशीर करू नगासा."

म्हणजे ओळखलं तिनेच, आणि दवाखान्यात पाठवलं तेही तिनेच. पुढचं सगळं ऐकताना एवढं ध्यानात असू द्यावं.

पौडच्या दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, माणूस नीट होता. त्याने पोराला तपासलं, गंधकाचं मलम दिलं आणि समजावून सांगितलं. डोक्यापासून तळपायापर्यंत लावायचं. तीन दिवस अंघोळ नाही, रोज वरून पुन्हा लावायचं. चौथ्या दिवशी गरम पाण्याने न्हाऊ घालायचं. कपडे, बाळोती, गोधड्या उकळून उन्हात टाकायच्या. आणि मुख्य म्हणजे घरातल्या प्रत्येकाने त्याच तीन दिवसांत मलम लावायचं, खाज असो वा नसो. एकाने जरी सोडलं तरी ती सगळ्यांना परत येईल. "घरात माणसं किती?" त्याने विचारलं. जयसिंगने बोटांवर मोजली. आई, वडील, आपण, बायको, मूल. मग आठवून त्याने गोठ्यात निजणारा गडीसुद्धा धरला. डॉक्टरने तेवढ्यांचं मलम बांधून दिलं.

घरी आल्यावर मलम लावायचं काम अर्थातच कोंडाबाईकडे आलं. लेकराच्या टाळूपासून टाचेपर्यंत तिने ते हलक्या हाताने लावलं. लीलाला लावलं. रंभाबाईची पाठ चोळली. रंभाबाई त्या वासाने तोंड फिरवून म्हणाली, "कोंडे, मला इस्तवावर धर आता, फटाक्यागत उडंन मी." दोघी हसल्या. काम झाल्यावर कोंडाबाईने चुलीतली राख घेतली आणि कोपरापर्यंत हात घासून लख्ख धुतले. तिला पुढे नथूच्या घरी जायचं होतं. तिथे ओली बाळंतीण होती, आणि ओल्या बाळंतिणीच्या खोलीत असला उग्र वास घेऊन जायचा नाही ही तिच्या कामाची रीत. ती रीत तिने कधी मोडली नव्हती.

तीन दिवसांत पुळ्या सुकल्या. पोर झोपायला लागलं. चौथ्या दिवशी कोंडाबाईने मुद्दाम नवा पाट मांडला, लुगडं वर खोचलं, पाय लांब केले आणि स्वच्छ झालेलं पोर त्या पायांवर पालथं घातलं. पाण्यात कोपर बुडवून बघितलं. सगळं रीतसर.

काही आठवड्यांनी खरूज परत आली.

पुन्हा पौड, पुन्हा मलम, पुन्हा तीन दिवस, पुन्हा चौथ्या दिवसाची अंघोळ. पुन्हा पुळ्या. डॉक्टर आता जयसिंगवर चिडला. "तुम्ही लोक नीट लावत नाही. कुणीतरी चुकवतंय." जयसिंग मान खाली घालून घरी आला आणि त्याने गड्याला बडवलं, कारण घरात चुकवण्यासारखा तेवढा एकच होता. गडी आईची शपथ घेऊन सांगत होता की त्याने लावलंय. खरं म्हणजे त्याने सगळ्यांत जास्त लावलं होतं, गुरंसुद्धा त्याच्या जवळ येईनात.

मग डॉक्टरने दुसरं औषध दिलं, बाटलीतलं, दुधासारखं पांढरं. लहान मुलाला पाणी घालून पातळ करून लावायचं. पातळ केलं तरी ते झोंबायचं. खाजवून फुटलेल्या कातडीवर ते पडलं की भिवाजी श्वास कोंडेपर्यंत रडायचा, निळा पडायचा. लीला कानांवर हात ठेवून परसात जाऊन उभी राहायची. लावायची कोंडाबाईच. "झालं रं माज्या राजा, झालं, झालं," म्हणत ती लावायची आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी पोराच्या पाठीवर पडायचं. त्या औषधानेही पुळ्या गेल्या, आणि अंघोळी सुरू झाल्यावर परत आल्या.

रंभाबाईने घरातल्या गोधड्या परसात आणून पेटवल्या. त्यांत तिच्या आईच्या लुगड्यांची एक होती, लग्नात बरोबर आलेली. ती गोधडी जळताना रंभाबाई जोत्यावर बसून बघत राहिली. तिने देव केले, नवस बोलली, घराच्या चारी कोपऱ्यांना नारळ फोडले. लीलाशी भांडली. लीला म्हाळुंग्याहून काहीतरी घेऊन आली असं म्हणाली. लीला म्हणाली, या घरातच दोष आहे, पहिलंही हितंच दुखणाईत पडलं. नवराबायको एकमेकांशी बोलेनात. एवढ्याशा किड्याने, जो डोळ्यांना दिसतही नाही, त्या घराची अशी दशा केली.

गावात आणखी तीन घरांतली तान्ही मुलं त्या वर्षी खरजेने किंचाळत होती. नथूच्या घरातलं, वरच्या आळीतलं, देवळामागचं. लोक म्हणत, विहिरीचं पाणी बिघडलंय. कुणी म्हणे, यंदाची हवाच तशी. ती चारही पोरं रोज एकाच बाईच्या पायांवर पडतात, हे सगळ्यांना दिसत होतं आणि कुणालाच दिसत नव्हतं. जी बाई मुलांना दोन वेळ धुते, जी त्यांच्यासाठी रडते, तिच्याकडे बोट कोण दाखवणार? बोट दाखवायचं सोडा, रंभाबाई तिला म्हणायची, "कोंडे, तू हायेस म्हणून लेकरू तगलंय." आणि कोंडाबाई आणखी थोडा वेळ थांबायची. पोराला बरं वाटावं म्हणून दुपारचंही पायांवर घेऊन बसायची, झुलवायची. जेवढी माया वाढत गेली तेवढं पोर खंगत गेलं.

शेवटी लीलाच उठली. दिवाळीला म्हणून माहेरी गेली आणि पोराला घेऊन तिकडेच राहिली. बाटलीतलं औषध तिने बरोबर नेलं होतं. म्हाळुंग्यात तिच्या आईने ते लावलं, तिच्याच आईने न्हाऊ घातलं. महिना झाला, पुळी उठली नाही. निरोप आला की भिवाजी हसतो, पालथा पडतो, अंगावर मूठभर मांस चढलंय.

रंभाबाईने देवापुढे साखर ठेवली. कोंडाबाईलाही आनंद झाला, पण त्या आनंदात जरा सल होता. म्हाळुंग्याच्या पाण्याला असा कोणता गुण, जो आपल्या हाताला नाही? तिने स्वतःलाच रागे भरलं. पोर बरं झालं ना, मग कुणाच्या का हाताने होईना.

मार्गशीर्षात रंभाबाईने सुनेला बोलावून घेतलं. नातवाचं जावळ काढायचं होतं, आणि ते इथल्याच देवीपुढे निघायला हवं होतं. लीलाचं मन नव्हतं. तिने नवऱ्याला सांगून पाहिलं, सासूला सांगून पाहिलं. "घर समदं धुतलंय, जाळायचं ते जाळलंय, आता काय व्हतंय?" रंभाबाई म्हणाली. खरंच होतं ते. घर स्वच्छ होतं.

जावळाच्या सकाळी कोंडाबाई आली ती धुतलेलं लुगडं नेसून. भिवाजीने तिला ओळखलं की काय कोण जाणे, पण तिच्याकडे बघून तो तोंडभर हसला. "बगा! इसरला न्हाई मला!" ती सगळ्यांना सांगत सुटली. जावळ निघाल्यावर तिने त्याला पायांवर घेतलं आणि न्हाऊ घातलं, आणि त्या दिवशी तिने पाणी जरा जास्तच घेतलं, अंघोळ लवकर संपू नये म्हणून.

पौष लागला आणि पुळ्या परतल्या. या वेळी त्या नुसत्या पुळ्या राहिल्या नाहीत. खाजवून, रडून, झोंबणाऱ्या औषधाने कातडी जागोजागी उघडी पडली होती. तिच्यात पू झाला. हातपाय सुजले, अंगात ताप भरला. जयसिंग बैलगाडी जुंपून पौडला गेला. डॉक्टरने पोर पाहिलं आणि या वेळी तो चिडला नाही. त्याने सुई टोचली, पुण्याला न्यायला सांगितलं. गेणबाने पुण्याच्या नावाला धसका घेतला. पहिलं मूल पुण्याच्या वाटेवरच गेलं होतं. मग डॉक्टर म्हणाला, निदान सुया तरी चुकवू नका, नर्सबाई रोज येतील.

नर्सबाई एस.टी.ने यायच्या, फाट्यावर उतरून चालत गावात यायच्या. दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा थंडी होती. कोंडाबाई चुलीजवळ पाय लांब करून बसली होती. लुगडं वर खोचलेलं, पायांवर भिवाजी, डोळे अर्धे मिटलेला. कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने ती त्याचा पू पुसत होती.

नर्सबाईंनी सुई उकळायला ठेवली आणि खाली बसल्या. बसल्या आणि बघतच राहिल्या. "मावशी, हे पायाला काय झालंय?"

"ह्ये व्हय? भेगा हायेत. राखंनं अन् कढत पान्यानं."

"बघू." नर्सबाईंनी तिची नडगी उजेडाकडे वळवली, नखाने एक खवला उचलला. मग मनगटं पाहिली, कोपर पाहिलं. पाण्याचं ऊन-गार सांगणारं तेच कोपर. "खाजतं का?"

"आदी खाजायचं. आता तेवडं न्हाई."

"कधीपासून?"

"उनाळ्यापासनं. माजा भाऊ आल्ता तवा..."

नर्सबाईंचा आवाज खाली गेला. "घरातल्या सगळ्यांना औषध लावलंत ना?"

"लावलं की. म्यांच लावलं समद्यास्नी. गड्यालाबी."

"आणि तुम्हाला?"

"मला?" कोंडाबाईला क्षणभर हसूच आलं. "मला कशाला? मी काय हितं ऱ्हाते व्हय?"

ते शब्द तिच्याच तोंडून बाहेर पडले आणि तिने ऐकले. मग तिने खाली पाहिलं. खवल्यांच्या दोन नडग्या, आणि त्यांच्या मधल्या खोलगटीत उघड्या अंगाचं पोर. नर्सबाई काहीतरी सांगत होत्या, म्हाताऱ्या माणसांना कधी कधी खाज कमी येते, पण कातडीत किडे हजारांनी असतात, असं काहीतरी. कोंडाबाईला पोर उचलता येईना. हात लावावा तर हात तेच, राहू द्यावं तर पाय तेच. शेवटी नर्सबाईंनीच त्याला तिच्या पायांवरून उचलून घेतलं.

"मावशी, आणखी कुणाकुणाच्या घरी जाता?"

कोंडाबाईने नथूचं घर सांगितलं, वरची आळी सांगितली, देवळामागचं सांगितलं. तिला कुठेही अडखळावं लागलं नाही.

त्या दिवसापासून ती आत आली नाही. अंगणात, पेंढ्याच्या गंजीजवळ गुडघे पोटाशी घेऊन बसून राहायची. रंभाबाई दारात येऊन म्हणायची, "आगं, भायेर का बसलीयास थंडीची? ये की आत. तू काय परकी हायेस? घरचीच तू." कोंडाबाई मान हलवायची. पोर वाचलं की सांगीन, असं तिने मनाशी धरलं होतं, नर्सबाईंनाही तोवर थांबायला विनवलं होतं. वाचलं तर शिव्या खाणं सोपं गेलं असतं. तिने आयुष्यात एवढ्या आर्जवाने काही मागितलं नव्हतं.

भिवाजी वाचला नाही. पू रक्तात गेला होता, सुयांच्या हातात काही राहिलं नव्हतं. लीला ओरडली तेव्हाच कोंडाबाईला अंगणात कळलं. थोड्या वेळाने रंभाबाई बाहेर आली. डोळे कोरडे होते तिचे. म्हणाली, "कोंडे, ऊठ. पानी ठिवलंय. श्यावटची आंगुळ तूच घाल त्याला. त्याला तुज्या पायांची सवं हाय."

कोंडाबाईने दोन्ही हातांनी स्वतःचे गुडघे गच्च धरले. "न्हाई," ती म्हणाली. "माज्याच्यानं न्हाई व्हायचं."

लोकांना वाटलं, दुःखाने म्हणते. रंभाबाईने स्वतःच नातवाला न्हाऊ घातलं. ओढ्याच्या वरच्या अंगाला, पहिल्याच्या शेजारी, त्याला पुरलं.

काही दिवसांनी रंभाबाई कोंडाबाईच्या खोपटात आली. हातात घडी न मोडलेलं लुगडं होतं. "नातवासाठी तू लई केलंस," ती म्हणाली. "सख्ख्यांनी केलं नसतं तेवडं केलंस. ह्ये घे."

कोंडाबाईने लुगड्याला हात लावला नाही. ती खाली बसली, आणि तिने पाय पुढे केले. "रंभाबाई, ह्ये बगा."

"काय बगू?"

"भिवाजीची खरूज हितनं आली. औशद फसलं न्हवतं. तुमी त्याला बरं करत व्हता अन् मी चवथ्या दिशी परत लावत व्हते. नर्सबाईनी सांगितलं. मला ठावं न्हवतं वो. देवाशपथ ठावं न्हवतं."

रंभाबाईला आधी काही उमगेना. ती पायांकडे बघत राहिली. मग जळलेल्या गोधड्या, बडवलेला गडी, सुनेला बोललेले शब्द, म्हाळुंग्याहून हट्टाने बोलावून आणलेलं पोर, सगळं एकेक करून तिच्या चेहऱ्यावरून जाताना दिसलं. जावळासाठी हट्ट धरला तो तिनेच. ती ओरडली असती, चार तडाखे लगावले असते, तर कोंडाबाईने उपकार मानले असते. ती नुसती उठली. लुगडं उचललं, दारापर्यंत गेली आणि उंबऱ्यावर ठेवून निघून गेली. ते दिलं म्हणायचं की टाकलं म्हणायचं, हे कोंडाबाईला कळलं नाही. ते दोन दिवस तिथेच होतं. मग शेळीने त्याचा पदर चावून काढला.

बाकीच्या तीन घरीही ती स्वतः गेली, पायरीखाली उभी राहिली आणि सांगून आली. नथूच्या बायकोने दार लावून घेतलं. देवळामागची म्हातारी तिच्या अंगावर थुंकली. वरच्या आळीतला एक जण हसून म्हणाला, "काय तरी सांगतीस मावशे, न्हाऊ घालून कुणाला रोग व्हतोय का!" त्याचं हसणं तिला थुंकीपेक्षा जास्त लागलं. तिने जाणं बंद केलं आणि तिन्ही पोरं बरी झाली, त्याच मलमाने.

नर्सबाईंनी तिला औषध आणून दिलं होतं. आधी खवले भिजवून खरवडायचे, मग मलम लावायचं, बरेच दिवस पुन्हा पुन्हा. तिने लावलं. हात धुतले नाहीत. आता कुठल्या बाळंतिणीकडे जायचं नव्हतं. नडग्यांवरची कातडी सुटली, खालून नवी आली, गुलाबी, मऊ. एवढे महिने चार घरांत फसलेलं औषध तिला पहिल्या खेपेलाच लागू पडलं. ते पाय बघून ती इतकी रडली की शेजारणीला वाटलं, हिच्या मुलीचं काही बरंवाईट कळलं.

पानशेत फुटलं त्या साली लीलाला मुलगी झाली. घरात न्हाऊ घालणारं कुणी नव्हतं. रंभाबाईचे हात आता कापायचे. निरोप पाठवला तो लीलाने, सासूला न विचारता. कोंडाबाई गेली. लीला म्हणाली, "कोंडामावशी, डाक्टर म्हनलाय तुमी बऱ्या झालाय. मला कोन हाय दुसरं? घ्या हिला."

पाट मांडलेला होता, पाणी काढलेलं होतं. कोंडाबाई बसली, लुगडं खोचलं, पाय लांब केले. लीलाने मुलीला त्यांच्यावर ठेवलं. पोरीने लाथ झाडली. जोराची होती. कोंडाबाईचे हात तांब्याकडे गेले नाहीत. ती पोरीच्या पाठीकडे बघत राहिली, एवढ्याशा गोऱ्या पाठीवर कुठे लालसर ठिपका आहे का ते शोधत राहिली. नव्हता. तरी ती शोधतच राहिली, आणि काढलेलं पाणी निवून गेलं. मग ती म्हणाली, "घे बाई हिला. उचल. माज्या पायांवरनं उचल आदी."

त्यानंतर तिला कुणी बोलावलं नाही, आणि ती पुढे बरीच वर्षं जगली. शेळ्या राखायची, जळण आणायची, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बसली की गुडघे पोटाशी घेऊन, लुगडं टाचांपर्यंत ओढून बसायची. निजायचीही तशीच. एखादं रांगतं पोर जवळ आलं तर उठून दुसरीकडे जायची. नव्या सुनांना वाटायचं, म्हातारीला मुलांचा तिटकारा आहे.

ती गेली तेव्हा मुलगी घाटाखालून यायला वेळ होता. गावातल्या बायकांनी तिला न्हाऊ घालायला बाहेर घेतलं. पाय काही केल्या सरळ होईनात, गुडघे दुमडून दुमडून तसेच धरले होते. दोघी जणींनी जोर लावायला सुरुवात केली. तेवढ्यात काठी टेकत रंभाबाई आली. एवढ्या वर्षांत ती या खोपटाची पायरी चढली नव्हती. तिने त्या दोघींना बाजूला व्हायला सांगितलं. म्हणाली, "ऱ्हाऊंदे तिचे पाय तसेच."

मग ती खाली बसली. पाण्याचं पातेलं जवळ ओढलं, आणि पहिला तांब्या ओतायच्या आधी आपलं कापरं कोपर त्यात बुडवून पाहिलं. पाणी कढत होतं. तिने गार पाणी मागितलं.